नाद

सीईटी झाली. निकालाला अजून महिना.
शेजारच्या काकी म्हणाल्या, रिकामीच आहेस तर शिवणक्लास लाव.
मी मावसभावाचा जुना लॅपटॉप मागून आणला
(त्याचा 'र' एकदा दाबला की दोनदा उमटतो)
आणि जिन्याखालच्या जागेत बसले.

पहिल्या आठवड्यात एवढंच कळलं :
मशीनला व्याख्या सांगायची नसते,
उदाहरणं द्यायची असतात, पोतंभर,
आणि प्रत्येकावर चिठ्ठी : हे बरोबर, हे चूक.
सगळे कुत्र्यामांजरांची चित्रं घेतात.
आमच्या घरात काय आहे?
आमच्या घरात आण्णांचा कान आहे.

उद्यमनगरात, मागच्या गल्लीत,
आण्णा बावीस वर्षं ओतीव माल वाजवून बघतात.
तारेला टांगलेलं कास्टिंग, हातात पावशेराची हातोडी.
एकच टोला.
टण्ण करून लांबत गेलं तर इकडच्या ढिगात,
थड्ड वाजलं तर परत भट्टीत.

"कसं कळतं?"
"कळतंय की. त्यात सांगण्यासारखं काय हाय?"

मी वाचत होते त्या चाळीस पानांतही
शेवटी हेच लिहिलं होतं.

सुट्टीच्या दिवशी शेड उघडून घेतली.
स्टुलावर मोबाईल, वारा लागू नये म्हणून त्यावर ओढणी.
दिलावरचाचा माल टांगणार, आण्णा वाजवणार,
मी चिठ्ठी लिहिणार.
तीनशे बारा टोले.
चाचा घाम पुसत म्हणाले, "पोरीचा नाद खुळा!"
आई घरी म्हणाली, "कसल्या नादाला लागलीस?"
दोघांनाही मी हो म्हटलं.

मग चुका.
बारावीला पाठ करून टाकलेले मॅट्रिक्स
पहिल्यांदा काहीतरी काम करताना दिसले.
किती चुकलं ते मोजायचं,
केसभर घासायचं, गेज लावायचं, परत केसभर.
एकदम घासलंस तर गेलेलं लोखंड परत येत नाही,
हे मला लहानपणीच कोणी सांगून ठेवलं होतं.
रात्री दोनला लाईट गेली, सगळं पहिल्यापासून.

अकराव्या दिवशी मशीन आणि आण्णा
नऊ तुकड्यांवर भांडले.
चाचांनी नऊच्या नऊ करवतीवर धरले.
पाच ठिकाणी आण्णा खरे. मी खूश झाले, का कोण जाणे.
उरलेल्या चारांत
दोऱ्याएवढी चीर, आत, अंधारात.

त्या चार आवाजांची चित्रं काढली.
खालचा नाद धडधाकट, लांब.
फक्त वरची ती बारीक किणकिण
सुरू होण्याआधीच विझलेली.
चारही ठिकाणी तीच, त्याच उंचीवर.
मी चित्राकडे बघत बसले.
चहा गार झाला.
हे कास्टिंगचं चित्र नव्हतं.

आण्णांना दाखवलं. चष्मा लावून बघितलं त्यांनी,
बोट त्या रिकाम्या जागेवर ठेवलं.
"ठाऊक हाय," म्हणाले.
"दिवाळीपासनं पाखरं गप झाल्यात."
मग थोड्या वेळानं,
"मालकास्नी बोलू नको."

पुढच्या महिन्यात कॉलेजच्या अर्जावर विचारतील,
हाच विषय का, दोन ओळींत लिहा.
बघू.

सध्या लॅपटॉपवर दोन फोल्डर आहेत :
'बररोबरर' आणि 'चूक'.
त्या चार टोल्यांवरची चिठ्ठी बदलायला हवी,
नाहीतर मशीनही तिथं बहिरं राहील, मला कळतं.
बदलली. पण आण्णांचं मूळ उत्तर
पुसून टाकायला हात होईना.
तिसरं फोल्डर केलं, नाव टाकलं 'आण्णा'.
त्यात 'र' नाही.
एका टोल्यात उमटलं.