दोन उंडे, एक पोई

एर्मेलिंदबायच्या फाटकाला एक खिळा होता,
खिळ्याला पिशवी, तिच्याच जुन्या झग्याची शिवलेली.
दोन उंडे, एक पोई.
पैसे महिनाअखेरीला, मोजून, वर एखादा चिक्कू.

चिंचिणीतल्या सत्तर घरांना मी पाव घालतो.
कोण कधी उठतं, कुणाकडे पाहुणे आलेत,
कुणाचा नवरा बोटीवरून परतलाय,
पिशवीच्या वजनावरून सांगेन.

मंगळवारी हात घातला
तर सोमवारचा पाव तसाच.
वर पाहिलं.
उजाडलं होतं, तरी बाल्कांवचा दिवा जळत होता.
म्हटलं, मडगावला गेली असेल, बहिणीकडे.
म्हटलं, वय झालं, विसरते.
टोपलीत निळ्या प्लास्टिकखाली दीडशे पाव
वाफ धरून बसले होते,
आणि पाव थंड झाला की गिऱ्हाईक जीभ गरम करतं.
जुन्यावर नवा ठेवला.
भोंगा वाजवला, पों पों, नेहमीसारखा,
आणि उतार लागला तसा पायडल सोडून दिलं.

बुधवारी मुंग्या.
पिशवीत जागा नव्हती, म्हणून वेगळी थैली बांधली शेजारी.
गाठ पक्की मारली, माकडं येतात.
एवढी काळजी मात्र घेतली.

दहाच्या सुमाराला मिलाग्रीन नुस्तेकारीण
तांब्याभर पाणी मागायला आत गेली.
तिच्या ओरडण्यानं वाडा जमला.

रविवारी रात्री पडली होती, न्हाणीच्या दारात.
डॉक्टर म्हणाला, मंगळवार दुपारपर्यंत जीव असावा.
कुणीतरी विचारलं, इतका वेळ?
मी बोटांवर मोजत होतो.
सोमवार. मंगळवार.
म्हणजे माझा भोंगा तिनं दोनदा ऐकला असणार.

स्विंडनहून मुलगा आला, काळ्या सुटात, घामाघूम.
माती देऊन झाल्यावर म्हणाला,
मायचं काही देणं राहिलंय का?
मी वही उघडली.
मंगळवार-बुधवारही धरलेले होते,
आकडा तोंडातून निघून गेला.
त्यानं नोट दिली, सुटे नको म्हणाला.
मी घेतली.

रविवारच्या मिसाला आम्ही सगळेच छाती बडवतो,
विचारानं, शब्दानं, करणीनं,
आणि शेवटी ते, न करण्यानं.
तिथं पोचेपर्यंत माझं लक्ष
बाहेर टेकवलेल्या सायकलीकडे गेलेलं असायचं.
चोरी नाही, दारू नाही, मापात खोट नाही.
भुकेल्याला अन्न दिलंस का, असं विचारलं असतं
तर मान वर करून सांगितलं असतं:
दिलं. रोज. साडेपाचला. दाराशी.

यरीहोच्या वाटेवरचे ते दोघे,
जखमी माणूस पाहून पलीकडच्या कडेनं निघून गेलेले,
लहानपणी मला राक्षस वाटायचे.
आता वाटतं, त्यांच्याही टोपलीत काहीतरी
थंड होत असेल.

कोरेज्मात कुमसाराला गेलो.
जाळीपलीकडून फादर आगुश्तीननी विचारलं, काय केलंस?
काही नाही केलं.
मग?
तेच, फादर.
बराच वेळ पंखा ऐकू येत राहिला.
मग हळू म्हणाले, तुला कुठं माहीत होतं?

माहीत नव्हतं, खरंच.
पण दिवा दिसला होता.

हे मी त्यांना सांगितलं नाही.
सांगितलेल्या तीन मारिया म्हणून घरी आलो,
पीठ मळायला घेतलं,
आणि लक्षात आलं, हेसुद्धा राहिलंच.

आता घर दिल्लीवाल्यांनी घेतलंय.
भिंती पिवळ्या, फाटकाला कॅमेरा, पाव ते खात नाहीत.
खिळा मात्र कुणी काढला नाही, त्यावरच रंग मारलाय.

त्या वळणावर मी उतरतो हल्ली.
सायकल धरून चालतो चार घरं.
भोंगा न वाजवता नावानं हाक मारतो,
ए रेजीन, ए काजितान,
आतून ओ येईपर्यंत थांबतो.
काजितान शिव्या देतो, झोप मोडली म्हणून.
पुढच्या वाड्यातली सहा गिऱ्हाइकं तुटली.

हे प्रायश्चित्त नव्हे.
एर्मेलिंदबायला मी कधीच
नावानं हाक मारली नव्हती.