चार पात्यांची खूण

रस्ता रुंद करायचाय. खात्याने विचारलंय:
भूखंड एकशे बारामधला दगडी मनोरा
नेमका कुठल्या मळ्याचा, आणि पाडला तर चालेल का.
उत्तर शुक्रवारपर्यंत.

अँटिग्वाच्या अभिलेखागारात पंखा एकच,
तोही मिस युलिताच्या टेबलाकडे वळवलेला.
ती माझं पेन काढून घेते, पेन्सिल देते,
आणि नकाशे आणते एकेक,
झोपलेलं मूल आणावं तसे, दोन्ही हातांवर आडवे.

सतराशे एकोणपन्नास.
समुद्रात देवमासा, कोपऱ्यात मालकाची ढाल.
पवनचक्की म्हणजे नखाएवढी खूण:
एक दांडा, त्यावर फुली.
खाली तिरक्या अक्षरांत: प्रिडोज.
उसाची शेतं हिरव्या रंगात हलकीच धुतलेली,
कुणाचाही घाम न लागलेला हिरवा.

सतराशे नव्वद. आता मालकीण, विधवा प्रिडो.
आणि फुली ओढ्याच्या पलीकडे!
मी पारदर्शक कागद ठेवून पाहिला,
चर्चवर चर्च बसतं, किल्ल्यावर किल्ला,
चक्की तेवढी रात्रीतून पाणी ओलांडून गेलेली.
मापात पाप, मी पुटपुटले.
जमीन तेव्हा साखळीने मोजत.
साखळीचं दुसरं टोक धरून
उन्हात कोण चालत होतं
ते नकाशाखाली लिहिलेलं नाही.

पुढे फुली जाते. नुसतं वर्तुळ राहतं.
मग वर्तुळाशेजारी एक शब्द: भग्न.
मग विमानातून काढलेला फोटो,
पांढरा ठिपका, आणि त्याहून लांब त्याची सावली.
मग एक त्रिकोण, दोनशे अकरा फूट;
म्हणजे आता ती कशाचीच चक्की नाही,
बाकीचं सगळं जिथून मोजायचं, तो बिंदू.

दुपारी मनोऱ्यावर गेले, टेप घेऊन.
आत शेळ्या. जिथे चरक होता तिथे बाभळीसारखं काटेरी झुडूप.
भिंतीवरून एल्कानाह जोसेफ ओरडले,
"चक्की कुठे सरकते, बाई? ओढा सरकला.
कुठल्याशा वादळात त्याने कूस बदलली.
ते बघ जुनं पात्र, आता तिथे माझी रताळी आहेत."

मोजणाऱ्याची मनातल्या मनात माफी मागितली.
अर्धीच.

परत आले तर मिस युलिता म्हणाली,
"तू वन-हँडबद्दल शोधते आहेस होय?
मग तसं सांगायचंस!"
वन-हँड?
"बसथांबा गं. आम्ही त्या जागेला पहिल्यापासून तेच म्हणतो."
का, ते तिला ठाऊक नव्हतं.

मला होतं. सकाळीच पाहिली होती
मळ्याची मोजदाद, खेचरांच्या पानानंतरचं पान:
अबा. चरकात ऊस घालणारी. एकहाती.
आता पाखरं हाकते.
किमतीच्या रकान्यात खाडाखोड.

वाऱ्याला थांब म्हणता येत नाही.
बोटं उसाबरोबर आत गेली
तर वरची चार पाती फिरतच राहतात,
म्हणून चरकाशेजारी कुऱ्हाड टांगलेली असायची,
धार लावून.
चिपाडं एका बाजूला पडत,
रस दुसऱ्या.

पाच नकाशे, दोनशे वर्षं,
चिन्हांची सूची प्रत्येकावर:
चर्च, तोफा, विहीर, फाशीचा खांबसुद्धा.
अबासाठी खूण कुणी कोरली नाही.
नाव मात्र तोंडातून तोंडात चालत आलं,
अर्थ वाटेत सांडून,
आणि रस्त्याच्या कडेला उभं राहिलं.

खात्याच्या अर्जात "स्थानिक नाव" असा रकाना आहे,
सहसा तिथे रेघ ओढतात.
मी लिहिलं. पेन्सिलीने, मग घरी पेनाने त्यावरून.
पाडावा का, यापुढे: नाही.
कारण लिहायला जागा दीड ओळ.

संध्याकाळच्या बसमध्ये
चालकाने न वळता हाक दिली,
"वन-हँड! कोण आहे वन-हँडला?"
"मी," एक शाळकरी पोरगी म्हणाली
आणि दप्तर एका खांद्यावर टाकून उतरली.