शेऱ्याची जागा

ग्रिम्सबीच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
जिथे पूर्वी चादरी मोजायचे त्या खोलीत
दर गुरुवारी दोन ते चार
मी माणसांना ऐकायला शिकवते.

हसू नका. पगार मिळतो त्याचा.

खुर्च्या गोल, मध्ये टेबल नको.
नर्सेस, मदतनीस, जेवणाच्या ट्रॉलीवाली डोरीन,
इबादानची फोलाशादे, जी रात्रपाळी उरकून थेट येते
आणि डोळे मिटू नयेत म्हणून पेपरमिंट चघळत बसते.
फळ्यावर मी लिहिते:
हो-नाहीत संपेल असं विचारू नका.
'तुम्हाला काय वाटतंय ते कळतंय मला' म्हणू नका,
कळत नसतं.
कुणी रडलं तर टिश्यूचा खोका लगेच पुढे सरकवू नका,
त्याचा अर्थ 'आता पुरे' असाही होतो.

मग जोड्या. एकाने रुग्ण व्हायचं.
चिठ्ठीवर आजार, मुलाचं नाव, मनातली भीती,
सगळं छापील.
फोलाशादे इतकी छान रडली की डोरीन घाबरली.

मॅल्कम बर्टला मात्र काही जमेना.
वय एकसष्ट. मासळीच्या धक्क्यावर खोकी उचलली जन्मभर,
धक्का ओसरला तसा इकडे आला फरशी पुसायला.
समोरची बोलत राहिली, हा तिच्या बुटांकडे बघत.
अधूनमधून नुसतं 'आय्'.
हो म्हणायची इथली रीत.
नजर मिळवली? नाही.
खुला प्रश्न? नाही. सारांश? नाही.
नऊपैकी एक. तोही वेळेवर आल्याचा.

महिन्यातून चार रात्री मी अजून वॉर्डात असते.
परवा पहाटे, वॉर्ड सात. खिडकीशी मिसेस ओल्डरशॉ.
दोन दिवस कुणाशी अक्षर बोलल्या नव्हत्या.
मी बसून आले होते त्यांच्यापाशी,
किंचित पुढे झुकून, हात मोकळे, आवाज खाली,
सगळं माझ्याच फळ्याबरहुकूम.
त्यांनी भिंतीकडे कूस वळवली होती.

आता त्या बोलत होत्या.
मॅल्कम मॉपच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभा.
कुत्रा शेजाऱ्यांकडे, त्याला मटार चालत नाहीत,
गॅसचं बिल, आणि मधेच, त्याच सुरात,
उद्या पाय काढणार आहेत.
'आय्.'
मग कुणीच काही बोललं नाही.
बादलीतलं पाणी निवत गेलं.
ती शांतता त्याने बुजवली नाही.
त्या पुढे बोलू लागल्या.

मिरजेला, होस्टेलात, वीज गेली की
आमची स्वयंपाकीण शेवंताबाई गोष्ट सांगायची.
अट एकच: हुंकार द्यायचा.
आमचा हुंकार थांबला की तिची गोष्ट थांबायची,
'मग काय भिंतीला सांगू?'

बावीस वर्षं झाली इथे,
त्याला इंग्रजी शब्द सापडलेला नाही.
फॉर्मवर शेऱ्याला जागा दीड ओळ.
मी देवनागरीत लिहिलं: हुंकार देतो.
मुख्य कार्यालयातून परत आला,
'कृपया वाचता येईल असे लिहावे.'

गुरुवारी मॅल्कम आधीच येऊन खुर्च्या मांडत होता.
'नापास ना मी?'
मी समजावू लागले. गुण, निकष, पुन्हा एक संधी.
तो माझ्या बुटांकडे बघत होता.
बऱ्याच वेळाने ध्यानात आलं,
मी मिरजेबद्दल बोलते आहे.