शेवटची सीट

शारजात ऑक्टोबरातही बसचा पत्रा भाजतो
आणि ऋजुता स्वेटर घालून चढते.
दहावी ब. शेवटची सीट, खिडकी.
मी बसवरची आया. माझं काम पोरं मोजायचं:
बेचाळीस चढली, बेचाळीस उतरली, सही.

शाळेत सोडून झाली की झाडू मारते.
पेन्सिलींची टरफलं, एक मोजा, चिप्सची पाकिटं,
आणि शेवटच्या सीटखाली, गादीच्या फटीत,
चांदीच्या कागदात गुंडाळलेली पोळी.
मेथीची. एकदा गुळाची.
तूप अजून ओलं, घडीसुद्धा मोडलेली नाही.
कुणीतरी पाचला उठून लाटलेली.
सोळा झाल्या आजवर.
त्या कुठल्या रजिस्टरात लिहायच्या?

तिची आई स्टॉपवर शेजारणीला सांगत होती,
"नवरात्रात घागरा काय बसला हिला!
सगळ्या विचारतात, काय खायला घालतेस गं?"
ऋजुता हसली,
आणि दोन बोटांच्या कड्यात स्वतःचं मनगट धरून पाहिलं.
पिसासारखी लव आलीय त्या हातावर.
घड्याळ कोपराकडे घसरतं.

बोलले असते. पण कुठल्या तोंडानं?
माझ्या पलंगाखाली म्हसळ्याला जायचा खोका आहे.
त्यात दूध पावडर, बाम, बदाम,
माझ्या अफशीनसाठी गोरं करायची क्रीम
आणि पोट आवळायचा पट्टा.
तिनंच मागितला. चौदाची आहे.
दुकानदाराशी घासाघीस करून
मी पाच दिरहम सोडवून घेतले.
दिवसभर खूश होते.

आज मोजले तर एकेचाळीस.
ती मागेच बसलेली, ओठ पांढरे.
"मावशी, उठले की अंधार होतो."
ड्रायव्हरला म्हटलं, थांब जरा, नर्सला बोलाव.
शेजारी बसले. दुसरं काही सुचेना,
माझाच डबा उघडला. रात्रीचा भात, सुकट.
एक घास मी घेतला, चमचा तिच्यापुढे धरला.
ती बराच वेळ भाताकडे बघत राहिली.
"यात किती असेल?"
मला वाटलं, मिठाचं विचारतेय.

नर्स चाकांची खुर्ची घेऊन आली.
तिला मी पोळ्यांचं सांगितलं,
बोटांवर मोजून, सगळ्या सोळा.
ऋजुतानं माझ्याकडे पाहिलं नाही.

आता रात्रीचे अकरा.
खोक्याची चिकटपट्टी नखानं उकलतेय.
सुटत नाही.
तीन वेढे मीच दिले होते.