कोरडा तलाव

चेंबूरच्या तलावातलं पाणी सोडून दिलं
तेव्हा वाटलं, चला, सुट्टी.
लाद्या बदलायच्या होत्या. महापालिकेचं काम,
तीन महिने सांगितले की सहा धरायचे.
पण तुस्कानो बाई शिट्टी गळ्यात घालून दारात उभ्याच.
म्हणाल्या, पाणी गेलंय. पाय गेलेत का?

शिडीने खाली उतरलो आम्ही,
खोल बाजूला, बारा फुटांच्या तळाशी,
जिथे एरवी कानांतली कळ तेवढी सोबत यायची.
एक केसांची पिन, दोन रुपयांचं नाणं,
हुमेराची गेल्या मे महिन्यात हरवलेली नाकाची क्लिप,
आणि भिंतीवर, डोक्याच्या कितीतरी वर,
पाण्याने जाता जाता ओढलेली हिरवट रेघ.

उड्या मारा. रेघेकडे बघून.
हात कानांना चिकटलेले, तळव्यावर तळवा,
गुडघे वाकवा, थांबा, सुटा.
वीस. परत वीस.
मग बाईंनी आकडा विसरल्याचं सोंग केलं.
रेघेला कुणीच शिवलं नाही.
रिकाम्या तलावात प्रत्येक उडीचा आवाज दोनदा यायचा,
एकदा आमचा,
एकदा शेजारच्या लेनमधून.

मला वाटायचं, माझी किक मांड्यांमुळे मार खाते.
बाईंनी माझं पाऊल हातात घेतलं,
बाजारात दुधी बघतात तसं दाबून पाहिलं.
इथे पेंड खातंय घोडं. घोटा.
काटकोनात अडकलाय. चालणाऱ्याचा घोटा हा.
पाण्याला पाऊल नको असतं गं, शेपूट लागतं.

तेव्हापासून रोज रात्री टाचांवर बसून जेवण,
टाचांवर बसून जीवशास्त्राची वही,
टाचांवर बसून पप्पांची वाट.

पप्पा लिफ्ट दुरुस्त करतात,
टिळकनगर ते घाटला, जिथून फोन येईल तिथे.
आमच्या इमारतीची मार्चपासून बंद आहे,
तिचं कंत्राट दुसऱ्या कंपनीकडे.
आम्ही अकराव्यावर. मजल्याला अठरा पायऱ्या.
मी दोन-दोन घेत चढते, उतरताना मात्र हळू,
कारण बाई म्हणतात, मांडी खरं बोलते ती उतरताना.
नवव्यावरच्या सोनटक्के काकू पिशवी टेकवून म्हणतात,
अगं, तुझ्या पप्पांना सांग ना जरा.
मी हो म्हणते.
आणि सांगत नाही.

एकदा रात्री पप्पा माझ्या मागून चढत होते,
अवजारांची बॅग खांद्यावर, पोटऱ्यांत गोळे.
सातव्यावर थांबले.
दिवसभर लोकांचे पाय वाचवतो मी, म्हणाले,
आणि धापेतून जेवढं हसता येतं तेवढं हसले.
मग बॅग खाली ठेवून, कठड्याला धरून,
पायरीच्या कडेवर टाचा वर, खाली, वर,
मी करते तशाच.
पंधरापर्यंत गेले.
सोळाव्याला पाय लटपटला
तेव्हा मी भिंतीवरच्या मीटरच्या पेट्या बघत राहिले.

घरी त्यांच्या पोटऱ्यांना तेल लावलं.
केबलसारख्या ताठ.
तेल खाली ओघळलं, पुसायला गेले
आणि घोटा हाताला लागला.
तोच. काटकोनात अडकलेला.
मी तो थोडा खाली दाबून धरला, बाई धरतात तसा.
हे काय, म्हणाले.
काही नाही, पप्पा. झोपा.

काल तलावात पाणी सोडलं.
भरायला तीन दिवस लागतात. सकाळी घोट्याइतकं होतं.
बाईंनी शिडी दाखवली.
पोहता येणार नाही, मी म्हटलं.
कुणी सांगितलंय पोहायला? नुसत्या उभ्या राहा.

थंड होतं. क्लोरीन अजून टाकलं नव्हतं,
ओल्या सिमेंटचा वास येत होता.
मी टाचांवर बसले
तर पाणी न वाढताच मांड्यांशी आलं.

वर पाहिलं. नव्या लाद्या, पांढऱ्याशुभ्र.
रेघ गेली होती.
उडी मारावी असं काही उरलंच नव्हतं तिथे,
हुमेराने तरी मारली.