निरंक

दांडिया बाजारात, तांब्यापितळेच्या दुकानावर, माझी एक खोली होती.
बाहेर पाटी: खाजगी तपास, गुप्ततेची हमी.
जिन्याखालच्या पानवाल्याला माझी सगळी गिऱ्हाइकं नावानिशी माहीत.

कामं हजरनीस वकिलांकडून यायची.
मुलगा खरंच इंजिनिअर आहे का.
पाठदुखीच्या रजेवरचा स्टोअरकीपर गरब्यात कितव्या रांगेत नाचतो.
मग एकदा रिफायनरीतले पागनीस आले,
म्हणाले, बायको मंगळवारी दुपारी जाते कुठे?
आगाऊ रक्कम त्यांनी तीनदा मोजली,
एक कोरी नोट परत घेतली
आणि जुनी ठेवली.

मी चार मंगळवार मागे चाललो.
उत्तरा पागनीस, वय चौतीस, पिशवीत मेथी,
चालणं फुटपाथच्या कडेनं, आखलेल्या ओळीवरून चालावं तसं.
रावपुऱ्यात टीव्हीच्या दुकानासमोर त्या थांबायच्या.
काचेआड नऊ संच, नऊही पडद्यांवर एकच मालिका:
एक खाजगी गुप्तहेर, एक वकीलबाई,
आठवड्याला एक खून.
आवाज आतच राहायचा.
एका संचात गुप्तहेर हिरवा, एकात जांभळा,
कोपऱ्यातल्या स्वस्त संचात त्याला दोन डोकी.

तो कोट घालायचा, मे महिन्यातसुद्धा.
कपाट उघडलं की त्याला हातमोजा मिळायचा.
मला बारा वर्षांत मिळालेलं:
औषधांची बिलं, एक खोटा दाखला,
आणि एकदा एका माणसाचा दुसरा डबा,
दुसऱ्या बाईनं भरलेला.
वरण दोन्ही डब्यांत सारखंच गोड.

तिसऱ्या मंगळवारी काचेत त्यांचे ओठ दिसले.
वकीलबाई उभी राहिली की ते हलायचे.
प्रश्न त्या स्वतः विचारत होत्या,
थांबून, मान तिरकी करून,
साक्षीदाराला घाम फुटेपर्यंत.

चौथ्या मंगळवारी वकीलबाईनं बोट उचललं
आणि वीज गेली.
नऊ गुप्तहेर एकदम विझले.
काळ्या काचेत उरलो दोघंच:
त्या, आणि सहा पावलं मागे मी,
हातात न वाचलेलं वर्तमानपत्र.
त्या वळल्या नाहीत.
मेथीची जुडी पिशवीत नीट बसवली आणि निघाल्या.

अहवालात लिहिलं: आक्षेपार्ह वर्तन, निरंक.
हजरनीसांनी चष्मा कपाळावर नेला.
"पुरुष कोणी दिसला का आसपास?"
दिसला होता. चारही वेळा. तपकिरी चपला, उंची बेताची.
"नाही," म्हटलं.
"मग मी कोर्टात काय नाचू?"

न्यायमंदिरात उलटतपासणीला त्यांनी तरीही विचारलंच,
घरात टीव्ही असताना बाई रस्त्यावर का?
उत्तराबाई थांबल्या. मान तिरकी केली.
"घरच्या टीव्हीला दारं आहेत, साहेब. दारांना कुलूप.
किल्ली ह्यांच्या जानव्याला.
बघा, आत्ताही असेल."
पागनीसांचा हात शर्टाच्या दुसऱ्या बटणापाशी गेला
आणि तिथेच राहिला.
शिरस्तेदारानंसुद्धा लिहिणं थांबवून तो हात पाहिला.

बाहेर पाणपोईपाशी त्या सरळ माझ्याकडे आल्या.
"त्या दिवशी वीज गेली. खुनी कोण, कळलं का तुम्हाला?"
मी मान हलवली.
"नवरा," त्या म्हणाल्या, पेला पालथा घालत.
"मला पहिल्या पाच मिनिटांतच कळलं होतं."

पुढे कितीतरी वर्षांनी तो भाग मी घरी पाहिला, आवाजासकट.
खुनी माळी निघाला.
कारण लंगडं, पुरावा तोच एक हातमोजा,
आणि वकीलबाईचे प्रश्न अगदीच पुळचट.
मी आवाज बंद केला
आणि परत पहिल्यापासून लावला.