इतिवृत्त

रविवार, साडेदहा. शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा.
हजर एकशे बारा. सह्या चौऱ्याण्णव,
बाकीच्यांनी पेन हातात घेऊन आधी विचारलं,
ही सही होय म्हणायची की नाही म्हणायची?

विषय : बंद पडलेल्या खाणीच्या खड्ड्यात
अणुभट्टीचा उरलासुरला ऐवज पुरणार असल्याची अफवा.
'अफवा' हा शब्द सरपंचांनी खोडायला लावला.
मग म्हणाले, राहू दे.

एफिजेन म्हणाला, माती उकरून नेताना विचारलं नाही,
भरायच्या वेळी बरी आठवण झाली आमची.
काजूवाला इनास म्हणाला, आमच्या भट्टीचा चोथा गुरं खातात,
हिचा कोण खाणार?
हशा.
शेवंतीचा जावई कैगाला कामाला. ती उठली :
तो रोज घरी येतो, जेवतो, पोरांना खांद्यावर घेतो,
त्याला काय झालंय?
कुणी उत्तर दिलं नाही. ती बसलीही नाही,
पुढच्या तिघांचं बोलणं होईतो उभीच.

शहरातून आलेल्या मुलीनं सगळं नीट समजावलं,
आधी काच, वर पोलाद, त्यावर सिमेंट.
'अर्धायुष्य' कोकणीत सांगताना मात्र अडली.
मी खाली मान घालून मराठीत लिहीत होते.
कोकणीतलं बोलणं मराठीत ओतताना
राग नेहमी थोडा सांडतो.

मग पुनो वेळीप. सभेत तो कधी बोललेला नाही.
दहा हजार वर्षं तिथं कुणी खणायचं नाही,
तर पाटी कुठल्या भाषेत लावणार, बाय?
मुलगी म्हणाली, चित्रं काढता येतील.
नदीकाठच्या जांभ्यावर काढलीत ना कुणीतरी, पुनो म्हणाला.
बैल आहे, मोर आहे, गोल गोल फिरणारी एक वाट आहे.
तिथं मी बकऱ्या चारल्या, भात वाळवलं.
पोरं त्या वाटेवर लंगडी खेळतात.
ये म्हणून काढलंय की येऊ नको म्हणून,
माझ्या आज्यालाही ठाऊक नव्हतं.

सरपंचांनी घड्याळ पाहिलं.

प्रस्तावास सर्वानुमते विरोध, मी लिहिलं.
शेवंतीनं हात वर केला नव्हता,
ती तेव्हा चहाचे कप गोळा करत होती.
पुनोचं म्हणणं कुठल्या रकान्यात घालावं कळेना.
शेवटी समासात, पेन्सिलीनं,
ती वाट काढून पाहिली.
चौथ्या वेढ्याला हात चुकला,
खोडरबर सापडेना,
पान तसंच तालुक्याला गेलं.